वेव्हफॉर्म बाजूला ठेवा, आधी तोंडात बघा: उच्चारांवरून टाइपफेस घडवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला मराठीच्या उच्चारांवरून एक अमूर्त, प्रायोगिक टाइपफेस करायचा आहे. तिने सगळे वर्ण स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केले, प्रत्येकाचा वेव्हफॉर्म काढला आणि त्या आकृत्यांवरून अक्षरं रेखाटली. दिसायला छान आली, पण सर म्हणतात, 'यात सिस्टीम नाही.' तिचं विचारणं असं, की मग सुरुवात कुठून करायची, हा टाइपफेस वाचता यायलाच हवा का, आणि तो खरोखर टाइप होईल असा फाँट कसा करायचा.

तुमच्या सरांचं म्हणणं मला पटतं. रेखाटनात काही वावगं नाही, कच्चा मालच चुकीचा निवडलाय. वेव्हफॉर्म म्हणजे मायक्रोफोनच्या पडद्यावर हवेचा दाब क्षणाक्षणाला कसा बदलला याचा आलेख. माइक किती लांब होता, तुम्ही किती जोरात बोललात, खोलीत पंखा चालू होता का, हे सगळं तो इमानेइतबारे सांगतो. क आणि ट यांत फरक काय, तेवढं मात्र सांगत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर प्राट उतरवून घ्या. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोएर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर ध्वनिशास्त्राचे विद्यार्थी सर्रास वापरतात. त्यात एका दमात 'आका, आटा, आता, आपा' रेकॉर्ड करा. चारही वेळा तेच दिसेल: एक जाड फुगवटा, मग मोकळी पट्टी, एक बारीकसा टिपका आणि पुन्हा फुगवटा. ती मोकळी पट्टी म्हणजे तुमचं व्यंजन. तोंड बंद आहे, हवा अडली आहे, आवाज जवळजवळ नाहीच. आता खालचा स्पेक्ट्रोग्राम बघा, म्हणजे आवाजातल्या कमी-जास्त कंपनांचं वेळेनुसार काढलेलं चित्र. पट्टीच्या अलीकडे-पलीकडे 'आ'चे जे काळसर पट्टे आहेत, ते क जवळ एका तऱ्हेने वाकतात, ट जवळ दुसऱ्या, प जवळ तिसऱ्या. कान त्या वाकण्यावरून आणि टिपक्याच्या पोतावरून व्यंजन ओळखतो. म्हणजे क ची ओळख बरीचशी शेजारच्या स्वराच्या घरी ठेवलेली असते.

शिवाय तुम्ही 'क' असं म्हणालात तेव्हा क् आणि अ असं दोन्ही म्हणालात, आणि चित्राचा बहुतेक भाग अ ने व्यापलाय. तुमची सगळी व्यंजनं एकमेकांची भावंडं दिसतात ती यामुळेच.

उच्चार तीन ठिकाणी सापडतो: तोंडात घडताना, हवेत पसरताना आणि कानात ओळखला जाताना. तिन्हींवरून टाइपफेस होऊ शकतो, पण तिन्हींची सरमिसळ झाली की गोंधळ होतो. माझं मत ठाम आहे. व्यंजनं तोंडावरून घ्या, स्वर स्पेक्ट्रोग्रामवरून घ्या, आणि कानाचा उपयोग शेवटी, आकारांना हात फिरवताना करा. कारण साधं आहे. व्यंजनांना ठरलेल्या जागा असतात, ओठ, दात, टाळू, कंठ. स्वरांना तशी जागा नसते. इ पासून ए पर्यंत जीभ सरकत जाते आणि मध्ये कुठेच भिंत लागत नाही.

या वाटेने आधी गेलेल्यांपैकी तिघांकडे नीट बघा, बाकी संदर्भ नंतर. पहिला कोरियाचा राजा सेजोंग. त्याची हंगुल लिपी 1443 मध्ये तयार झाली आणि 1446 मध्ये जाहीर झाली. न च्या अक्षरात जिभेचं टोक वर टेकलेलं आहे, क-ग च्या अक्षराचा काटकोन म्हणजे जिभेचं मूळ घशाशी उचललेलं, म म्हणजे तोंडाचा चौकोन. त्याहून महत्त्वाचं असं, की न च्या आकारात एक रेघ वाढवली की त-द चं अक्षर होतं, आणखी एक वाढवली की थ चं. उच्चार बळावला, रेघ वाढली. हे सगळं समजावणारी टीका 1446 चीच आहे, पण तिची प्रत 1940 मध्ये हाती लागली. तोवर या आकारांच्या उगमाबद्दल विद्वान नाना तर्क लढवत होते. चांगल्या सिस्टीमलाही कन्सेप्ट नोट लागते ती अशी.

दुसरा अलेक्झांडर मेलव्हिल बेल, टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलचा बाप. त्याने 1867 मध्ये 'व्हिजिबल स्पीच' प्रसिद्ध केलं. घोड्याच्या नालासारखा एकच आकार, तो कुठल्या दिशेला वळवलाय त्यावरून जिभेचा मागचा भाग, मधला, टोक की ओठ ते कळायचं. कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवण्यासाठी ही पद्धत वापरली गेली. तर्क निर्दोष आहे आणि पान दिसायलाही देखणं दिसतं, पण भरभर वाचताना सगळे नाल एकसारखे भासतात. डोळा नुसत्या फिरवण्यावर भेद करायला कंटाळतो. म्हणून तुमच्यासाठी नियम असा, की स्थान बदललं की जागा आणि आकार दोन्ही बदलायला हवेत. एकट्या जागेवर भिस्त ठेवू नका.

तिसरा हॅनोव्हरचा चित्रकार कुर्ट श्विटर्स. त्याच्या 1927 च्या प्रायोगिक लिपीत स्वर जाड आणि गोलसर, व्यंजनं बारीक आणि टोकदार. ऐकताना स्वर पुढे येतात, तर डोळ्यालाही ते पुढे यावेत, एवढाच विचार. एकाच नियमावर पानाचा पोत बदलतो हे त्यात दिसतं. तुम्हाला बोध घ्यायचा तो या काटकसरीचा.

आणि आपल्या घरचं उदाहरण? वर्णमालेचा क्रम शास्त्रशुद्ध आहेच. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, घशापासून ओठांपर्यंत सरळ प्रवास. 'पाणिनीय शिक्षा' या उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथात तर छाती, कंठ, शीर, जिह्वामूल, दात, नाक, ओठ आणि टाळू अशी आठ स्थानं दिली आहेत. पण हे शास्त्र क्रमात आहे, आकारात नाही. घ आणि ध जुळे दिसतात आणि तोंडात एकमेकांपासून लांब आहेत. क आणि ख शेजारी राहतात आणि दिसण्यात काही नातं नाही. तुमचा टाइपफेस नेमका हा अनुशेष भरून काढू शकतो. पाच स्थानं, आणि त्यावर घोष (कंठातल्या तारांची थरथर), प्राण (श्वासाचा झोत), अनुनासिक (नाकावाटे हवा) हे तीन गुण. आठ निर्णय घेतले की पंचवीस व्यंजनं तयार होतात. प्रत्येक अक्षर सुटं-सुटं रेखाटत बसायचं नाही.

स्थानं ठरवायला पुस्तकातली आकृती उतरवू नका, स्वतःच्या तोंडात बघा. ध्वनिशास्त्रज्ञांची जुनी पद्धत आहे: ऑलिव्ह तेल आणि खाण्यायोग्य कोळशाची पूड सम प्रमाणात कालवून जिभेवर ब्रशने लावायची, 'अटा' एकदाच म्हणायचं, तोंड उघडं ठेवायचं आणि आरशाच्या मदतीने टाळूचा फोटो काढायचा. जीभ जिथे टेकली तिथे काळा डाग. चूळ भरून मग 'अता'. दोन डागांत केवढा फरक पडतो बघा: त चा दातांमागे पट्टीसारखा, ट चा मागे, लहान. या डागांचे आकार हेच तुमचे मूळ आकार. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर बाथरूममधून काळी जीभ घेऊन बाहेर आलात की उगाच धावपळ होईल.

आता रेखाटन. अक्षराची चौकट म्हणजे तोंड, डावीकडे ओठ, उजवीकडे घसा. प ला डावीकडे वरून-खालून येऊन मिटणारे दोन आडवे तुकडे. त ला दातांशी चपटी पाचर. ट ला मागे वळलेला आकडा. च ला टाळूखाली रुंद टेकण आणि तिच्यात बारीक फट, कारण तिथे हवा अडते आणि लगेच घासत सुटते. क ला उजवीकडे खालून उसळलेला भरीव भाग. जीभ ओळखू येणार नाही इतपत साधं करत जा, नाहीतर टाइपफेसऐवजी दंतवैद्याच्या भिंतीवरचा तक्ता होईल. अनुनासिकासाठी वरच्या बाजूला एक छिद्र: तोंड मिटलेलंच, पण हवेला नाकावाटे वाट.

एवढं झालं की उरलेली काही अक्षरं फुकटात मिळतात. ल मध्ये जीभ मध्ये टेकते आणि हवा बाजूंनी जाते, म्हणून दोन्ही बाजूंना मोकळी जागा. ट चा आकडा आणि ल ची मोकळी जागा एकत्र आणली की ळ. आकडा आणि छिद्र, की ण. र म्हणजे जिभेचा निसटता स्पर्श, म्हणून सगळ्यात आखूड रेघ.

घोषासाठी मुलं हटकून जाडी वापरतात: प बारीक, ब जाड. चालतं, पण मला त्याहून चांगला उपाय माहीत आहे आणि तो आपल्या लिपीतच पडून आहे: शिरोरेषा. तिला घोषाची रेघ करा. कंठातल्या तारा थरथरत असतील तेवढा वेळ रेघ, थरथर थांबली की रेघ तुटली. गळ्यावर बोट ठेवून 'मालवण' म्हणा. म, ल, व, ण आणि सगळे स्वर घोष, बोटाखालची थरथर मध्ये कुठेच थांबत नाही, रेघ अखंड. आता 'चटपटीत' म्हणा. च, ट, प, ट, त सगळे अघोष, घोष फक्त मधल्या स्वरांना. रेघेचे तीन आखूड तुकडे उरतात. 'खुसफुस' मध्ये दोनच तुकडे, तेही उ पुरते. वाचता न येणाऱ्यालाही 'मालवण' आणि 'चटपटीत' यांच्या पोतातला फरक दिसतो, आणि तो फरक कानाला जाणवणाऱ्या फरकासारखाच असतो.

कुजबुजताना तर तारा थरथरतच नाहीत. म्हणजे शिरोरेषा पूर्ण काढून टाकलेली शैली ही तुमच्या टाइपफेसची 'कुजबुज' झाली. नेहमीच्या टाइपफेसना बोल्ड आणि इटॅलिक असतात, तुमच्याला हे असू द्या. ओपनटाइप या फाँट-फायलींच्या प्रमाण स्वरूपाच्या 1.8 आवृत्तीपासून, म्हणजे 2016 पासून, व्हेरिएबल फाँट करता येतात, म्हणजे एकाच फायलीत रूप हळूहळू बदलत नेता येणारे. बोलण्यापासून कुजबुजीपर्यंत रेघ हळूहळू विरत नेणारा एक अक्ष ठेवला तर पडद्यावर ते फार सुंदर दिसेल. बोलण्याच्या पट्टीवरून अक्षरं तिरकी करायचा, आवाजाच्या जोरावरून फुगवायचा मोह होईल. आवरा. तो वेगळा प्रकल्प आहे.

महाप्राणाचं काम इथे नाजूक होतं, म्हणून जरा थांबते. प, फ, ब हे तिन्ही एकाच वेळरेषेवर मांडता येतात. ब मध्ये ओठ उघडण्याआधीच थरथर सुरू झालेली असते, प मध्ये ओठ उघडताक्षणी होते, फ मध्ये आधी श्वासाचा झोत आणि मग थरथर. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून प-फ म्हणून बघा, फ ला पट्टी उडते. शिरोरेषेवर हे जसंच्या तसं उतरवता येतं: ब ला रेघ व्यंजनाच्या डोक्यावरूनच सुरू, प ला व्यंजन संपताच, फ ला थोडी फट सोडून. फट किती ठेवायची तेही मोजता येतं. प्राटमध्ये ओठ उघडल्याच्या टिपक्यापासून थरथर सुरू होईपर्यंतचा वेळ मोजा आणि एका मिलिसेकंदाला फाँटच्या चौकटीचं एक युनिट धरा. साठ मिलिसेकंद आले तर 1000 युनिटांच्या चौकटीत साठ युनिटांची फट. एवढी फट 20 पिक्सेलच्या मजकुरात जेमतेम एक पिक्सेल भरते, म्हणजे दिसणारच नाही. 100 पिक्सेलला सहा पिक्सेल, तिथे स्वच्छ दिसते. हा मथळ्यांचा आणि पोस्टरचा टाइपफेस आहे, मजकुराचा नव्हे, हे त्यातच ठरून जातं.

मग भ? तो या वेळरेषेवर बसत नाही. ली लिस्कर आणि आर्थर अब्रामसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये 11 भाषांमधले हे अंतर मोजले, त्यात मराठीही होती. आणि ब-भ, ग-घ यांतला भेद नुसत्या या मोजमापाने पकडता येत नाही हे त्यांनाही दिसलं. भ मध्ये थरथर आणि श्वास एकाच वेळी चालतात, तारा सैलसर थरथरतात. म्हणून भ, घ, ध, ढ, झ यांच्यावरची शिरोरेषा लांबीच्या दिशेने चिरून एकाखाली एक दोन बारीक रेघा करा, मध्ये हवा. 'धबधबा' लिहिलात तर रेघ अखंड, पण दोन ठिकाणी फाटलेली. याचा एक मोठा फायदा आहे जो रोमन अक्षरांवर काम करणाऱ्यांच्या कल्पनेतही येणार नाही. मराठीत म्ह, न्ह, ल्ह, व्ह, ऱ्ह आहेत. म्हैस, न्हावी, कऱ्हाड. लिहिताना आपण त्यांना जोडाक्षरं मानतो, पण उच्चारात तो म च असतो, सैल थरथरीचा. तुमच्या टाइपफेसमध्ये म वर फाटलेली रेघ दिली की म्ह झाला. जोडाक्षराची गरजच उरत नाही.

स्वरांना मी फार वेळ देणार नाही, कारण ते मोजून येतात. प्रत्येक स्वराच्या मधोमध प्राट तुम्हाला पहिला आणि दुसरा फॉर्मंट, म्हणजे स्पेक्ट्रोग्राममधले ते काळसर पट्टे, हर्ट्झमध्ये देईल. पहिला तोंड किती उघडलंय ते सांगतो, दुसरा जीभ किती पुढे आहे ते. अंदाज यावा म्हणून, पीटरसन आणि बार्नी यांच्या 1952 च्या मोजणीत अमेरिकन पुरुषांची सरासरी ई साठी साधारण 270 आणि 2290, आ साठी 730 आणि 1090, ऊ साठी 300 आणि 870 होती. तुमचे आकडे वेगळे येतील, बायकांचे आणि मुलांचे वरच येतात. पहिल्या आकड्यावरून स्वराच्या पोटाची उंची ठरवा, दुसऱ्यावरून ते पोट डावीकडे झुकेल की उजवीकडे. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवू नका. 'दिन' आणि 'दीन' आपण बहुतेकजण सारखेच उच्चारतो. वेलांटीचा भेद लेखनाचा आहे. ष आणि श ही बहुतेकांच्या तोंडी एकच. ऋ तर मराठी माणसाचा रु च असतो. लिपीत आहे म्हणून टाइपफेसमध्ये आलंच पाहिजे असं नाही.

उलट बाजूने, लिपीत नाही आणि बोलण्यात आहे, असंही असतं. या प्रकल्पाचा खरा गाभा मला तिथे दिसतो. 'माझा' म्हणा, मग 'माझी' म्हणा. झ एकच लिहिला, जीभ दोन वेगळ्या जागी गेली: पहिल्यात दातांशी, दुसऱ्यात टाळूशी. 'चार' आणि 'चारा' तसेच. 'चमचा' मधला शेवटचा च अनेकवचनात 'चमचे' होताना जागा बदलतो. छापील 'त्याचे' आणि बोलण्यातलं 'त्याचं' यांत तर एवढाच फरक नाही की अनुस्वार आला. च सुद्धा बदलला. मराठी माणूस हे चोवीस तास करतो, परगावच्या माणसाचा चुकलेला च लगेच पकडतो, आणि पानावर मात्र त्याची काहीही खूण नाही. तुमचा टाइपफेस ती खूण पहिल्यांदा दाखवणार असेल तर 'हा कशासाठी?' या प्रश्नाला उत्तर आहे. दंततालव्य, म्हणजे 'चारा'तल्या, च साठी त ची पाचर आणि च ची फट एकत्र करा. ती तुमच्या सिस्टीममध्ये आपोआप बसते.

इथे एक गोष्ट आधीच ठरवावी लागेल: कोणाची मराठी? वऱ्हाडी माणूस 'डोळा'ला 'डोया' म्हणतो, म्हणजे त्याच्या टाइपफेसमध्ये ळ चा आकडा बऱ्याच ठिकाणी येणारच नाही. बऱ्याच बोलींत ण चा न होतो. काहींचा फ ओठांतून सुटतो, काहींचा दात-ओठांतून घासत येतो. 'प्रमाण मराठी' असं लिहून मोकळं होण्यापेक्षा एका माणसाची मराठी घ्या. आजीची घ्या, बोलायला तिला वेळही असतो.

आता कानाबद्दल. मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलरने 1929 मध्ये अर्थहीन नावं आणि आकार जुळवून दाखवले. 2001 मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी बूबा आणि किकी ही नावं वापरली, आणि गोलसर आकाराला बूबा, टोकेरी आकाराला किकी म्हणण्याकडे लोकांचा प्रचंड कल दिसला. 2022 मध्ये 25 भाषांच्या बोलणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात सुमारे 72 टक्के उत्तरं याच बाजूची आली. म्हणजे कल खरा आहे, पण शंभर टक्के नाही. याचा वापर फक्त कोपऱ्यांवर करा: अघोष व्यंजनांचे कोपरे तीक्ष्ण, अनुनासिकांचे आणि ल चे गोलावलेले. सगळा टाइपफेस याच कल्पनेवर उभा केलात तर टोकदार क आणि गोल ब एवढंच हाती लागेल, आणि ते दर वर्षी कुणीतरी करतंच.

वाचता यायला हवं का? पाहताक्षणी नको. शिकता मात्र आलं पाहिजे. याची चाचणी सोपी आहे आणि ती वर्गमित्रांवर करू नका, ते सगळे तुमच्या बाजूचे. मेसच्या काकूंना, वॉचमनदादांना प, फ, ब ही तीन अक्षरं दाखवा, तिन्ही म्हणून दाखवा, आणि कागद-पेन्सिल देऊन सांगा, 'आता भ काढून दाखवा.' त्यांनी काढलेला भ तुमच्या भ च्या जवळ आला तर सिस्टीम आहे. सरांना तोच कागद दाखवा. नाही आला, तर त्यांनी काय काढलं ते बघा. कधीकधी त्यांचा उपाय तुमच्यापेक्षा बरा असतो.

फाँट बनवायची बाजू. फाँट बनवायचं ग्लिफ्स हे सॉफ्टवेअर घेणं परवडत नसेल तर फाँटफोर्ज मोफत आहे आणि पुरतं. अक्षरं इंग्रजी कीबोर्डच्या ए-बी-सी वर चिकटवू नका. जुन्या काळी मराठी फाँट तसे असायचे, आणि फाँट नसलेल्या संगणकावर त्या फायली उघडल्या की अजूनही कचरा दिसतो. युनिकोडच्या देवनागरी विभागात, यू+0900 ते यू+097एफ, बसवा. मग कुठलाही मराठी मजकूर निवडून तुमचा फाँट लावला की झालं.

पण त्याबरोबर देवनागरीचं शेपिंग इंजिन, म्हणजे टाइप केलेली अक्षरं जोडून-हलवून मांडणारी संगणकातली यंत्रणा, पाठीशी लागतं, आणि ते तुमच्या विरुद्ध काम करतं. ऱ्हस्व वेलांटी ते उचलून व्यंजनाच्या आधी ठेवतं. तुम्हाला तर बोलण्याच्या क्रमाने आधी व्यंजन, मग स्वर हवाय. दोन उपाय. नमुन्याचा मजकूर टाइप करतानाच सगळीकडे दीर्घ वेलांटी वापरायची, तसाही उच्चारात फरक ठेवलेला नाही. किंवा वेलांटी आणि व्यंजन यांच्या जोडीला एक लिगेचर, म्हणजे दोन्हींच्या जागी येणारं एकच जोडचिन्ह, करून आत क्रम उलटवायचा. तीस-पस्तीस लिगेचर होतील, एका संध्याकाळचं काम. रफारासाठीचं फीचर लिहूच नका, मग इंजिन र् उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेत नाही, जागेवरच ठेवतं.

शब्दाच्या शेवटचा अ आपण गिळतो, 'घर' म्हणताना र चा पाय मोडलेला असतो. शब्दाअखेरच्या मोकळ्या व्यंजनावरची घोषरेघ आखूड करणारा नियम कॉन्टेक्स्टुअल आल्टरनेट्समध्ये, म्हणजे शेजारच्या अक्षरांवरून रूप बदलणाऱ्या फाँटच्या सोयीत, लिहिता येतो. 'न', 'व' असे एकाक्षरी शब्द आणि 'चंद्र', 'मित्र' असे जोडाक्षरान्त शब्द त्यातून वगळा, तिथे थोडा अ ऐकू येतो. शब्दाच्या मधला गिळलेला अ, जसा 'करवत' मध्ये र नंतरचा, यंत्राला कळणार नाही; तिथे हाताने पाय मोडा आणि पुढे झेडडब्ल्यूएनजे हे अदृश्य चिन्ह टाका, म्हणजे जोडाक्षर होणार नाही. दोन च साठी नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, वापरा: साधा च टाळूचा, नुक्त्याचा च दातांचा. इ, ई, ए आणि य यांच्या आधी तो टाळूचाच असतो, तेवढं नियमावर सोडता येतं. बाकी शब्दागणिक टाइप करावं लागेल. शिरोरेषा तुटक असल्यामुळे शब्द कुठे संपला ते पटकन कळत नाही, म्हणून स्पेस नेहमीच्या दीडपट ठेवा.

नमुन्यासाठी कविता घेऊ नका. लोक कविता वाचायला लागतात आणि अक्षरं बघायची राहतात. 'चटईला टाचणी टोचली' घ्या, च आणि ट ची खेचाखेच डोळ्यांनाही दिसेल. गडगडाट, सळसळ, किणकिण, टपटप, रिमझिम अशा शब्दांचं एक पान करा. मराठीत त्यांचा तोटा नाही. र. कृ. जोशींचं नाव मंगल या फाँटमुळे संगणकावर पोचलं, पण त्यांनी अक्षरांच्या मांडणीतून घडवलेली दृश्यकविताही केली. या पानाआधी ती शोधून बघा.

कन्सेप्ट नोट एका पानाची पुरे. आवाज कोणाचा, तो माणूस कुठला, आठ निर्णय कोणते आणि प्रत्येकाला कोणता आकार दिला, एवढं लिहा. सोबत टाळूचे फोटो आणि काकूंनी काढलेला भ जोडा. 'ध्वनी आणि आकाराचा संवाद' असलं काही लिहिलंत तर ज्युरी त्याच वाक्यावर अर्धा तास घालवेल आणि फाँट उघडायचा राहून जाईल.